पाणी पोर-द-पेचं, कुलूप वॉशिंग्टनचं

1998 मध्ये अमेरिका खंडातल्या देशांना विकासकर्जं देणाऱ्या इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने हैतीला पिण्याचं पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी 5.4 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आरोग्य, शिक्षण आणि ग्रामीण रस्ते यांसाठीही कर्जं ठरली. चारही मिळून रक्कम सुमारे 14.6 कोटी डॉलर. पाणीयोजनेत ज्या शहरांचा नंबर आधी लागणार होता, त्यात उत्तर किनाऱ्यावरचं पोर-द-पे होतं. दहा वर्षांनी, 2008 मध्येही, पोर-द-पेच्या लोकांना त्या कर्जातलं पाणी मिळालेलं नव्हतं. पैसे कोणी खाल्ले नव्हते. ते वेळेवर सुटलेच नव्हते, आणि ते अडवण्यात अमेरिकेच्या सरकारचा मोठा हात होता.

हे कागदोपत्री जगासमोर आणण्यात एका आरोग्यसंस्थेचा वाटा फार मोठा आहे. बॉस्टनची 'पार्टनर्स इन हेल्थ' आणि तिची हैतीतली जोडसंस्था 'झान्मी लासांते' यांचं रोजचं काम म्हणजे क्षयाच्या गोळ्या, बाळंतपणं, हगवणीची मुलं. अशा संस्थेने बँकेच्या कर्जात आणि परराष्ट्र धोरणात का शिरावं? आपल्याकडे सामाजिक कामात 'रचना आणि संघर्ष' ही जोडी जुनी आहे. परदेशात जाऊन काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तिला वेगळं वळण लागतं. रचना दुसऱ्याच्या देशात असते. संघर्ष करायचा तर तो आपल्या देशाच्या सत्तेशी करावा लागतो, कारण मत, खासदार आणि वर्तमानपत्रं आपल्या हातात असतात ती तिथे. हैतीतल्या त्या गरिबाला वॉशिंग्टनमध्ये मत नसतं. माझ्या मते या प्रकरणाचं सगळं मर्म इथे आहे.

धरणाच्या वर राहिलेली माणसं

गोष्ट सुरू होते हैतीच्या मध्य पठारावरच्या कांज या वस्तीत. 1956 मध्ये आर्तिबोनित नदीवर पेलिग्र इथे धरण झालं. पैसा अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेचा होता. खालच्या खोऱ्यातली शेती भिजावी आणि पुढे राजधानीला वीज मिळावी, हा हेतू. काळी, सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि तिच्यावर जगणारी कुटुंबं आजूबाजूच्या उघड्या डोंगरउतारांवर चढली. कोयनेचे विस्थापित ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. समोर अथांग जलाशय, वस्तीत वीज नाही, आणि प्यायचं पाणी आणायचं तर उभ्या कड्याची वाट उतरून जायचं. भोपळ्याची तुंबडी किंवा प्लास्टिकचा डबा भरायचा आणि तो घेऊन पुन्हा तीच चढण. हे काम बायकांचं आणि लहान पोरांचं. पोरं मग डबक्यातलं, साठवून शिळं झालेलं पाणी प्यायची आणि हगवणीने मरायची.

एपिस्कोपल पंथाचे हैतीयन धर्मगुरू फ्रित्झ लाफोंताँ यांनी इथे शाळा आणि दवाखान्याचं काम उभं केलं. 1983 मध्ये पॉल फार्मर हा तरुण अमेरिकन हैतीत आला. पुढे हार्वर्डमध्ये तो डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ झाला. 1987 मध्ये ओफेलिया डाल, जिम याँग किम, टॉड मॅककॉर्मॅक आणि बॉस्टनचे बांधकाम व्यावसायिक टॉम व्हाइट यांच्यासोबत त्याने 'पार्टनर्स इन हेल्थ' स्थापन केली. त्याआधीच अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या चर्चमधून आलेल्या अभियंत्यांनी कांजच्या लोकांबरोबर कड्याखालच्या झऱ्याचं पाणी पंपाने वर चढवून वस्तीत नळ आणले होते. त्यानंतर बालमृत्यू लगेच घटले. एकही नवं औषध आलेलं नसताना हे घडलं, हे दवाखान्यातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पाण्याच्या कर्जासाठी संस्था पुढे इतकी का झटली, याचं मूळ मला या नळात दिसतं.

क्षयाचा अनुभवही तसाच. 1989 च्या सुमारास त्यांनी रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही औषध फुकट. एका गटाला त्याशिवाय घरी येऊन विचारपूस करणारा गावातलाच आरोग्यसेवक आणि पहिले काही महिने खाण्यापिण्यासाठी महिना सुमारे 30 डॉलर. या गटातले सगळे रुग्ण बरे झाले. नुसतं औषध मिळालेल्यांपैकी जेमतेम निम्मे बरे झाले. कोण जादूटोण्यावर विश्वास ठेवतो आणि कोण नाही, याने निकालात फरक पडला नाही. पडला तो पोटाच्या प्रश्नाने. अशी मोजणी करण्याची सवय संस्थेला लागली आणि वॉशिंग्टनमध्ये तीच कामी आली.

आधी एक लढाई एचआयव्हीची

पाण्याच्या प्रकरणाकडे जाण्याआधी हे थोडक्यात सांगायला हवं, कारण पद्धत इथे तयार झाली. 1998 पासून कांजमध्ये गरीब रुग्णांना एचआयव्हीची तिहेरी औषधं द्यायला सुरुवात झाली. तेव्हा मदतसंस्थांच्या दुनियेत हे वेडेपणाचं मानलं जाई: औषधं महाग, गरीब माणूस वेळेवर गोळ्या घेणार नाही, त्यापेक्षा प्रतिबंधावर खर्च करा. 2001 मध्ये अमेरिकेच्या मदतखात्याच्या प्रमुखांनी तर आफ्रिकेतल्या माणसांना घड्याळाच्या वेळेचं भान नसतं, असं जाहीरपणे म्हटलं. त्याच वर्षी कांजच्या रुग्णांचे निकाल वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गावातला आरोग्यसेवक रोज घरी जाऊन गोळ्या देत होता, आणि खंगलेली माणसं वजन वाढून कामाला लागत होती.

इथे मुंबईचा खरा संबंध येतो. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषधकंपनीने तिहेरी औषधांचा वर्षभराचा कोर्स 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला 350 डॉलरमध्ये देऊ केला. बड्या कंपन्यांच्या औषधांचा खर्च तेव्हा श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. 'परवडत नाही' हा आक्षेप मुंबईने खोडला, 'जमणार नाही' हा कांजने. पुढे 2002 मध्ये एड्स, क्षय आणि मलेरियाशी लढण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय ग्लोबल फंड सुरू झाला आणि 2003 मध्ये अमेरिकेने स्वतःचा मोठा एड्स-निधी जाहीर केला. श्रेय एकट्या कोणाचं नाही. दक्षिण आफ्रिकेतले रुग्ण रस्त्यावर उतरले होते, हे कसं विसरणार. पण लहानशा दवाखान्यातली नोंदवही महासत्तेचं धोरण हलवू शकते, हे कांजच्या मंडळींना तेव्हा उमगलं.

कर्ज कसं अडलं

मे 2000 मध्ये हैतीत संसदेच्या निवडणुका झाल्या. सिनेटच्या काही जागांसाठी मतांची टक्केवारी काढताना चुकीची पद्धत वापरली गेली आणि सत्ताधारी लावालास पक्षाचे उमेदवार दुसरी फेरी न होताच विजयी ठरले. उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या संघटनेच्या (ओएएस) निरीक्षकांनी आक्षेप घेतला, तो रास्त होता. नोव्हेंबरमध्ये ज्याँ-बेर्त्राँ आरिस्तिद पुन्हा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. 1991 मध्ये लष्कराने उलथवलेले आणि 1994 मध्ये अमेरिकेनेच परत आणलेले हेच ते आरिस्तिद. वॉशिंग्टनमध्ये आता बुश यांचं सरकार आलं होतं आणि तिथे आरिस्तिदविरोधकांचं वजन वाढलं होतं.

बँकेच्या सनदेत स्पष्ट लिहिलेलं आहे की सभासद देशांच्या राजकारणात बँकेने लक्ष घालायचं नाही आणि निर्णय आर्थिक निकषांवरच घ्यायचे. तरीही एप्रिल 2001 मध्ये बँकेतल्या अमेरिकेच्या प्रतिनिधीने बँकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून या कर्जांचे पैसे सोडू नयेत, असं सुचवलं. बँकेत सर्वांत मोठा मताधिकार अमेरिकेचा. उघड नकार कधी आलाच नाही. आणखी एक तपासणी, आणखी एक अट, जुनी थकबाकी आधी भरा, अशी टोलवाटोलवी चालू राहिली.

याहून वाईट पुढचं आहे. न मिळालेल्या कर्जावरही हैतीला बांधिलकी शुल्क, म्हणजे मंजूर रक्कम राखून ठेवल्याबद्दलचा आकार, भरावं लागत होतं. जुलै 2003 मध्ये थकबाकी चुकवण्यासाठी हैतीने आपल्या परकीय गंगाजळीतला 90 टक्क्यांहून जास्त भाग वॉशिंग्टनला पाठवला, असं फार्मरने नंतर लिहिलं. आणि सिनेटच्या ज्या जागांवरून हे सगळं सुरू झालं, त्यातल्या सात जणांनी 2001 मध्येच राजीनामे दिले होते. कुलूप तरी निघालं नाही. याच काळात ब्रिटनमधल्या संशोधकांनी 147 देशांचा जलदारिद्र्य निर्देशांक काढला. त्यात हैती शेवटच्या क्रमांकावर होता.

मध्य पठारावरच्या दवाखान्यांना हे वेगळ्या रूपात दिसत होतं. सरकारी आरोग्यकेंद्रं ओस पडत चालली होती, औषधांची कपाटं रिकामी, कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले, आणि तिथले रुग्ण मैलोन्‌मैल चालत कांजला येत होते. संस्था रुग्ण वाढले म्हणून देणगीदारांकडे आणखी पैसे मागू शकली असती. बहुतेक संस्था तेच करतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ज्या हाताने सरकारी यंत्रणेचा गळा आवळला जातोय तो आपल्याच सरकारचा आहे, हे माहीत असताना देणगीदारांना नुसती रुग्णसंख्या सांगत राहणं म्हणजे अर्धसत्य सांगणं झालं असतं.

मागणी लहान केली, तेव्हा धार आली

फार्मर 1990 च्या दशकापासून अमेरिकेच्या हैती-धोरणावर लिहीत होता. 1994 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. 1915 ते 1934 चा अमेरिकेचा लष्करी ताबा, दुव्हालिए पितापुत्रांच्या हुकूमशाहीला मिळालेला आधार, नंतरचे लष्करशहा, सगळं त्यात आहे. लेखन अभ्यासू आणि तळमळीचं. पण 'आमचं धोरण दोनशे वर्षं अन्याय्य आहे' एवढं म्हणून सिनेटर हलत नाही. त्याला नेमकं काय बदलायचं ते सांगावं लागतं.

ते नेमकेपण आलं कर्जाच्या प्रकरणात. 2002 मध्ये झान्मी लासांतेच्या लून वियो यांना रॉबर्ट केनेडी मानवाधिकार पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची रीत अशी की मानपत्र देऊन संबंध संपत नाही. पुरस्कार देणारं केंद्र त्या व्यक्तीच्या कामात वर्षानुवर्षं साथ देतं. वियो यांनी प्रश्न निवडला पाण्याचा. हैतीची बाई हैतीच्या पाण्याबद्दल बोलत होती, आणि वॉशिंग्टनमधली वकील मंडळी तिच्यासाठी दारं उघडत होती. परदेशी मदतीच्या कामात बोलणारा माणूस बहुतेक वेळा परदेशीच असतो. इथे तसं झालं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

जुलै 2003 मध्ये फार्मरने अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे साक्ष दिली. काँग्रेस सदस्य बार्बरा ली यांनी हैतीसाठीची रोखलेली कर्जं मोकळी करण्याचं विधेयक मांडलं. ते कायदा झालं नाही, पण प्रश्न सभागृहाच्या नोंदीत गेला. केनेडी केंद्राने माहिती अधिकाराखाली अमेरिकेच्या अर्थखात्याकडून कागद मागवले. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला इथली चिकाटी ओळखीची वाटेल: अर्ज, नकार, पुन्हा अर्ज, आणि शेवटी हातात पडलेली पत्रं आणि ईमेल. त्यात अधिकारी कर्जाची प्रक्रिया लांबवण्याच्या तांत्रिक वाटा एकमेकांना सुचवताना दिसले. तोवर हैतीची बाजू घेणाऱ्यांचा आरोप म्हणून उडवून लावता येणारी गोष्ट आता सरकारी कागदावर होती.

दुसरी बाजू पोर-द-पेमध्ये मांडली गेली. झान्मी लासांते आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कायदा शाखेच्या लोकांनी घरोघरी जाऊन विचारलं: पाणी कुठून आणता, किती वेळ लागतो, किती पैसे पडतात, घरात कोण आजारी आहे. पाण्याचे नमुने तपासले. जून 2008 मध्ये या संस्थांनी मिळून अहवाल काढला. 'पाण्यातल्या दगडाला उन्हातल्या दगडाचं दुःख कळत नाही' या हैतीतल्या म्हणीवरून त्याला नाव दिलं. अहवालाच्या एका भागात वॉशिंग्टनचे ईमेल आहेत आणि दुसऱ्यात पोर-द-पेची घरं. वकिलांकडे एकटे कागद असते तर तो प्रक्रियेचा वाद ठरला असता. एकट्या दवाखान्याने घरांची पाहणी केली असती, तर ती दारिद्र्याची आणखी एक यादी झाली असती.

आक्षेप, आणि त्यांतलं खरं

या कामावर टीका झाली, आणि ती सगळीच गैरसमजातून नव्हती.

पहिली टीका, फार्मर आरिस्तिदच्या फार जवळचा होता. हे खरं आहे. 2004 च्या फेब्रुवारीत आरिस्तिद पदच्युत झाले आणि अमेरिकी विमानाने देशाबाहेर गेले, तेव्हा त्याने उघडपणे त्यांची बाजू मांडली. आरिस्तिदच्या दुसऱ्या कारकिर्दीत त्यांच्या समर्थकांच्या टोळ्यांनी विरोधकांवर हल्ले केले, पत्रकारही त्यातून सुटले नाहीत. हे त्या लेखनात जितकं यायला हवं होतं तितकं येत नाही, असं माझं मत आहे. पाण्याची मागणी कोणत्याही नेत्याशी बांधलेली नव्हती म्हणून ती 2004 नंतरही टिकली. व्यक्तीशी बांधलेली बाजू त्या व्यक्तीच्या विमानाबरोबर निघून गेली.

दुसरी टीका, कर्ज अडण्याचं खापर एकट्या अमेरिकेवर फोडता येत नाही. हेही अंशतः मान्य करायला हवं. हैतीच्या संसदेतल्या पेचामुळे मंजुरीला उशीर झाला होता, आणि 2003 नंतर प्रक्रिया पुन्हा सुरू झाल्यावरही काम रखडलं ते बँकेच्या संथपणामुळे आणि देशातल्या अस्थिरतेमुळे. पण सुरुवातीची ती अडीच-तीन वर्षं कोणी आणि का घालवली, याचं उत्तर कागदांनीच दिलेलं आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा. जी संस्था सरकारवर टीका करते, तिने त्याच सरकारचे पैसे घ्यावेत का? झान्मी लासांतेने अमेरिकेच्या एड्स-निधीतून पैसे घेतले, आणि त्याच वर्षांत पाण्याच्या कर्जावरून त्याच सरकारला जाबही विचारला. मला यात विसंगती दिसत नाही. ती दिसली असती, पैसे घेऊन तोंड बंद ठेवलं असतं तर. अर्थात हे जमलं, कारण संस्थेचा सगळा डोलारा सरकारी पैशावर नव्हता. टॉम व्हाइटसारख्या देणगीदारांनी सुरुवातीपासून बिनशर्त पैसा दिला होता. ज्या संस्थेचे पगारच सरकारी अनुदानातून होतात, तिला हे धाडस सुचवणं सोपं आहे, निभावणं फार कठीण.

2010 आणि त्यानंतर

जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर मार्चमध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे कबूल केलं की हैतीला तांदळावरचं आयातशुल्क उतरवायला लावणं ही चूक होती. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या शेतकऱ्यांचं त्यात भलं झालं, हैतीतल्या शेतकऱ्यांचं नाही. शुल्क 35 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आलं होतं. हैतीचे लोक हे वर्षानुवर्षं सांगत होते. भाताचं मोठं खोरं तेच, आर्तिबोनितचं.

ऑक्टोबर 2010 मध्ये त्याच खोऱ्यात पटकी (कॉलरा) पसरली. नेपाळहून आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या, मध्य पठारावरच्या मिरबाले गावाजवळच्या तळावरची घाण नदीच्या उपप्रवाहात गेली होती. नदीच्या मुखाजवळचं सें-मार्क शहर पहिल्या तडाख्यात सापडलं. तिथल्या रुग्णालयात पार्टनर्स इन हेल्थचे लोक काम करत होते. एकाच खाटेवर दोन-दोन रुग्ण, जमिनीवर चटया, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या, असं दृश्य होतं. साथीच्या पहिल्याच दिवसांत संस्थेने जगाला आठवण करून दिली: पाण्याच्या त्या अडवलेल्या कर्जात सें-मार्क आणि आर्तिबोनितचं खालचं खोरंही होतं, आणि काम अजून पुरं झालेलं नाही. पटकी बाहेरून आली. पण ती वणव्यासारखी पसरली, कारण नळाला शुद्ध पाणी नव्हतं. पुढच्या वर्षांत 8 लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे 10 हजार मेले.

फार्मर तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा हैतीसाठीचा उप-विशेष दूत होता. आत बसलेल्या माणसाची अडचण इथे दिसते. साथ कुठून आली हे शोधायला टाळाटाळ होतेय आणि त्याचं कारण राजकीय आहे, एवढं तो बोलला. पण बळींच्या वतीने भरपाई मागितली ती 2011 मध्ये हैतीतल्या आणि अमेरिकेतल्या वकिलांच्या संस्थांनी, ज्यांना संयुक्त राष्ट्रांत कुठलंच पद नव्हतं. फेब्रुवारी 2013 मध्ये तो दावा फेटाळला गेला. माफी यायला डिसेंबर 2016 उजाडला. संस्थेच्या लोकांनी मधल्या काळात पटकीच्या लशीचा आग्रह धरला आणि 2012 मध्ये खोऱ्यातल्या वाड्यांवर ती पोहोचवून दाखवली. दोन्ही कामं लागतात. एकाच माणसाने किंवा एकाच संस्थेने दोन्ही करायलाच हवीत असं नाही, पण दोघांनी एकमेकांचा हात सोडता कामा नये.

2013 मध्ये मिरबाले इथे 300 खाटांचं, सौर पॅनेलवर चालणारं अध्यापन रुग्णालय सुरू झालं. पॉल फार्मर फेब्रुवारी 2022 मध्ये रवांडात वारले. 2025 च्या वसंतात सशस्त्र टोळ्यांनी मिरबालेवर हल्ला केला आणि ते रुग्णालय रिकामं करावं लागलं. हैतीतल्या टोळ्यांकडच्या बंदुका मुख्यतः अमेरिकेतून, त्यातही फ्लोरिडातून चोरट्या मार्गाने येतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने नोंदवलेलं आहे. रुग्णालय पुन्हा उभं करायला जगभरातून पैसे येतील, यायलाच हवेत. पण त्यातला जो देणगीदार अमेरिकेत राहतो, ज्यात मराठी माणसंही आली, त्याने धनादेशाबरोबर आपल्या काँग्रेस सदस्याला एक पत्र लिहावं. मागणी पोर-द-पेच्या कर्जाइतकीच नेमकी ठेवावी: मायामी आणि आसपासच्या बंदरांतून हैतीला निघणाऱ्या कंटेनरांची तपासणी किती होते, त्यासाठी माणसं किती आहेत, आणि गेल्या वर्षी पकडलेल्या शस्त्रांची विक्री कोणत्या दुकानातून झाली होती.